रिकामी पुडी

ए, चहा आधी संपवा सगळ्यांनी. कारण हे मी एका दमात सांगणार आहे आणि मधेच कुणी उठलेलं मला चालणार नाही.

माझे पप्पा तंबाखू खायचे. त्यात काय, कुणाचे ना कुणाचे पप्पा खातातच. पण माझे पप्पा मम्मीसाठी खायचे. हसू नका गं! मम्मी जगावी म्हणून एक माणूस रोज तंबाखू खात होता, ते त्याला स्वतःला शंभर टक्के पटलेलं होतं, आणि घोळ असा की तो अगदीच चुकत पण नव्हता.

थांबा, नीट सांगते. आमचं मुगळवाडी, गडहिंग्लजच्या पुढं. पप्पा मोटर रिवायंडिंग करतात, म्हणजे विहिरीवरची मोटर जळाली की तिची जुनी तार काढायची आणि नवीन गुंडाळायची. मी बारावीत होते तेव्हा मम्मीच्या दोन्ही किडन्या गेल्या. आठवड्यातून तीनदा डायलिसिस. ते तेव्हा फक्त कोल्हापुरात. पहाटेची एसटी, अर्धा दिवस मशीनवर, परत एसटी. घरी आली की मम्मी अशी दिसायची, पिळून दोरीवर टाकलेल्या साडीसारखी. एकदा तर मला म्हणाली, "समू, हे असं जगण्यापेक्षा..." आणि पुढचं बोललीच नाही. मी पण विचारलं नाही.

आणि मग तो कायदा आला. तंबाखू, सिगारेट, दारू, सगळ्यांवर जास्तीचा कर, आणि तो कर त्याच भागातल्या सरकारी दवाखान्याला. आमच्याकडं त्याला पिचकारी टॅक्स म्हणतात. पहिल्यांदा काय शिव्या घातल्या लोकांनी! पण वर्षाच्या आत आमच्या ग्रामीण रुग्णालयात डायलिसिसच्या चार खुर्च्या आल्या. चार! आमच्या घरापासून स्कूटीवर पाच मिनिटं. मम्मी सकाळी जायची आणि दुपारी घरी येऊन परत लसूण सोलायला बसायची. खरं सांगते, मला माझी मम्मी परत मिळाली त्या कायद्यामुळं. अजून कुणी टॅक्सला नावं ठेवली की मला राग येतो.

आता ह्या कायद्यात एक गंमत होती. पैसा कुठं जातो हे लोकांना दिसावं म्हणून प्रत्येक पुडीवर, प्रत्येक बाटलीवर एक कोड छापायचे. मोबाईल धरला की दिसणार, ह्या पुडीचा कर कुठल्या कामाला गेला. पप्पांनी एकदा सहज धरला. तर आलं, ‘ग्रामीण रुग्णालय, मुगळवाडी. डायलिसिस, खुर्ची क्रमांक तीन. आपले आभारी आहोत.’

तीन नंबरच्या खुर्चीवर मम्मी बसायची.

झालं! पप्पांनी तो मोबाईल अख्ख्या गावाला दाखवला. इस्माईलचाचांच्या पानपट्टीवर उभं राहून छाती काढून म्हणायचे, "बघा, माझ्या बायकोचं मशीन मी चालवतोय." मग बाकीच्यांना पण चेव आला. केरबातात्या, हे पप्पांच्या दुकानाशेजारच्या शेताचे मालक, वयानं मोठे, एकदा मम्मीला रस्त्यात थांबवून म्हणाले, "राजश्री, काल तुझ्या खुर्चीला माझ्या दोन पुड्या लागल्या बरं का." मम्मी म्हणाली, "खावा कमी, तात्या." तात्या म्हणाले, "आता कमी कसं खाऊ? तू हाईस की."

म्हणजे बायकांची पंचाईत बघा. नवऱ्याला तंबाखू सोड म्हणायची सोय राहिली नाही. तो लगेच म्हणणार, मी समाजकार्य करतोय!

मग दीड-दोन वर्षांपूर्वी ती लस आली.

कॉमर्सवाल्यांनो, इकडं लक्ष द्या, अवघड काही नाही. तंबाखूची चटक लावतो तो रेणू म्हणजे निकोटीन. तो इतका बारका असतो की आपल्या शरीराच्या पहारेकऱ्यांना दिसतच नाही. विषाणू आला तर शरीर अँटिबॉडी बनवतं, म्हणजे त्याला धरायचे चिमटे. निकोटीनसाठी चिमटे बनतच नाहीत. पूर्वी लशी करून बघितल्या होत्या, निकोटीन मोठ्या प्रथिनाला चिकटवून शरीराला दाखवायचं, बघ, हा शत्रू. पण चिमटे फार थोडे बनायचे आणि लवकर संपायचे. ह्या नव्या लशीत शरीराला शिकवत बसायची भानगडच ठेवली नाही. चिमटा कसा बनवायचा ह्याची तयार रेसिपीच दंडातल्या पेशींना देऊन टाकायची. त्या पेशी मग वर्षानुवर्षं चिमटे बनवून रक्तात सोडत बसतात. एक इंजेक्शन, बास.

पण आमच्या डॉक्टर हिरेमठ मॅडमनी शिबिरात हे जे समजावून सांगितलं ना, ते आमच्या एकाही सरांना जमणार नाही. त्या म्हणाल्या, "तुमच्या मेंदूच्या दारात एक बारीक चाळण असते. निकोटीन म्हणजे रवा. चाळणीतनं खाली गळतो. आता ह्या लशीनं रक्तातल्या रव्याचे लाडू वळले. लाडू चाळणीतनं पडंल काय?"

केरबातात्या पहिल्या रांगेत होते. "न्हाई पडायचा."

"मग मेंदूला कळणारच नाही की तुम्ही तंबाखू खाल्ली."

"म्हंजे खाणार मी, आणि माझ्याच मेंदूला म्हाईत न्हाई?"

"बरोबर."

"मग खायची कशाला?"

"अहो तात्या, तेच तर!"

सगळा मांडव हसला. आणि एक म्हातारी मागून ओरडली, "बाई, दारूवरची कवा येणार?" मॅडम म्हणाल्या काम चालू आहे. म्हातारी म्हणाली, "लौकर करा म्हणावं, माझ्याकडं येळ कमी हाय."

तर लोकांनी लस घेतली. बायकांनी घ्यायला लावली म्हणा. पहिले काही दिवस गावात नुसती चिडचिड, सवयीनं पुडी फोडायची, तोंडात धरायची, आणि काहीच नाही! एक जण इस्माईलचाचांवर धावून गेला, "भेसळ केलीस काय रं?" चाचा म्हणाले, "पुडी तीच हाय मर्दा, तुझं डोस्कं बदललंय." मग हळूहळू खाणं सुटलं. नुसता पालापाचोळा कोण चघळत बसणार?

भारी ना? मी तर हॉस्टेलवरनं फोनवर नाचत होते. फक्त माझ्या घरात एक माणूस लस घेईना.

मी म्हटलं, "पप्पा, सगळ्यांनी घेतली, तुम्ही का नाही?"

"गर्दी हुती."

परत फोन केला. "पप्पा, आज शिबिर आहे."

"आज तीन मोटरी आल्यात."

मला काही कळेना. हा माणूस सुईला घाबरणारा नाही, मम्मीला टोचताना तिच्या उशाला उभा असतो. आणि मग दवाखान्याच्या दारावर कागद लागला. ह्या भागातली करवसुली खूप खाली आली आहे, अशीच राहिली तर डायलिसिसचं केंद्र कोल्हापूरच्या केंद्रात विलीन करण्यात येईल. विलीन. कसला गोड शब्द आहे बघा. म्हणजे परत पहाटेची एसटी. परत पिळलेली साडी.

पप्पांना हे कागद लागायच्या आधीच कळलं होतं. लोकं सोडणार, मग टॅक्स कोण भरणार, मग खुर्ची कोण चालवणार? त्यांनी मनातल्या मनात ठरवून टाकलं, मी चालवणार. आणि बाकीच्यांचा वाटा पण स्वतःच खायला लागले. दुकानात तार गुंडाळताना, गाडीवर, जेवण झालं की, उठल्या उठल्या. पुडी घ्यायची, कोड बघायचा, खायचं.

हे मला आणि मम्मीला कसं कळलं सांगू? तांबड्या रश्श्यावरनं.

गेल्या वर्षी गावच्या जत्रेला मी घरी गेले होते. बोकड पडलेला, तांबडा-पांढरा रस्सा, सगळं. माझे पप्पा म्हणजे तांबडा रस्सा वाटीनं नाही, तांब्यानं पिणारे. आणि त्या दिवशी म्हणाले, "पांढराच वाढ."

मम्मीचा हात तसाच राहिला. "काय म्हणालासा?"

"पोटात जरा जळजळतंय."

मम्मीनं पांढरा वाढला. मग मुद्दाम ताटात ठेचा ठेवला, एवढासा. त्यांनी भाकरीनं बाजूला सारला. मम्मीनं सगळ्यांची जेवणं होऊ दिली, पाहुणे गेले, आणि मग मोबाईलची बॅटरी लावून त्यांच्यासमोर उभी राहिली. "आ करा."

"कशाला?"

"आ करा म्हणते न्हवं?"

ते नीट आ पण करू शकले नाहीत गं. दोन बोटं जातील एवढंच तोंड उघडलं. आणि आत गालाला पांढरा चट्टा, कवडीएवढा. मी बघितला. मी नुसतं "पप्पा" म्हटलं.

तर हा माणूस काय म्हणतो? "बारीकच हाय."

मम्मीनं बॅटरी बंद केली. "लस का घेतली न्हाईसा?"

मग सगळं बाहेर आलं. "अगं, मी सोडली तर तुझं मशीन कोण चालवणार? गावानं सोडली. मी एकटा राहिलोय. कोल्हापूरच्या एसटीत तू कशी व्हायचीस ते मी बघितलंय. चट्टा काय, काढतात डॉक्टर. तू..."

आता मला सांगा, ह्या माणसावर रागवायचं का त्याला मिठी मारायची? मी दोन्ही करायला गेले. मम्मीनं मला हातानं थांबवलं आणि आत जाऊन भांडी घासायला लागली.

दुसऱ्या दिवशी डायलिसिस होतं. सकाळी पप्पांनी स्कूटी काढली, हॉर्न वाजवला. मम्मी उंबऱ्यावर बसून शेंगा फोडत होती. घरातल्याच साडीवर.

"चल की. उशीर हुतोय."

"मी येत न्हाई."

"का?"

"तुमच्या तोंडावर बसून मला रगात धुवून घ्यायचं न्हाई."

पप्पा आधी हसले. मग समजावलं. मग ओरडले. मग माझ्याकडं बघून म्हणाले, "सांग की तिला!" मी काय सांगू? मी पाया पडले तिच्या. ती म्हणाली, "समू, शेंगा फोडू लाग." दवाखान्यातनं फोन आला, खुर्ची रिकामी आहे म्हणून. हिरेमठ मॅडमचा आला. त्यांनी मला सगळं सांगितलं, जे मला माहितीच होतं: डायलिसिस चुकलं की पाणी साठतं, छातीत भरतं, रक्तातलं पोटॅशियम चढतं आणि ते हृदय कधी बंद पाडेल सांगता येत नाही. मम्मीला पण माहिती होतं. तिनं पाणी प्यायचं बंद केलं, नुसते ओठ ओले करत होती. संध्याकाळपर्यंत पायाला सूज, पायातली जोडवी रुतलेली. बोलताना धाप. तरी म्हणते, "शेंगांत खवट लई हाईत औंदा."

आणि तिच्या डोळ्यांत राग नव्हता. तिला खरंच ते नको होतं. आपल्या जगण्यासाठी ह्या माणसाचं तोंड सडतंय, हे तिला सहनच होत नव्हतं.

पप्पा अंगणात येरझाऱ्या घालत होते. मग स्कूटी काढली आणि गेले. मला वाटलं, पानपट्टीवर गेले असतील.

ते दवाखान्यात गेले. मॅडमनी नंतर सांगितलं मला. सरळ आत गेले आणि मम्मीच्या रिकाम्या खुर्चीत जाऊन बसले. नर्स म्हणाली, "अहो, पेशंट कुठाय?" पप्पा म्हणाले, "मी पेशंट. टोचा." बाही वर करून बसले होते. मॅडमनी टोचलं आणि तोंड पण तपासलं, लगेच पुढची तारीख दिली. पप्पांनी विचारलं, "मॅडम, आता खुर्ची गेली तर?" मॅडम म्हणाल्या, "गेली तर गेली. माणसं आहेत ना दोन्ही."

घरी आले. मम्मीसमोर दंड धरला. कापसाचा बोळा चिकटपट्टीनं लावलेला. मम्मीनं तो बोळा उचलून बघितला! विश्वास नाही ना! खाली सुईचा टिपका बघितला आणि मग म्हणाली, "माझी चप्पल कुठाय?"

त्या दिवशी नर्स आणि मॅडम तिच्यासाठी उशिरापर्यंत थांबल्या. मी बाहेरच्या बाकावर बसून रडले आणि हसले, दोन्ही. त्या दोघींना काय देऊ आणि काय नको असं झालं होतं मला. माझ्याकडं शेंगा होत्या. शेंगा दिल्या.

पुढं पप्पांचा चट्टा काढला. तपासणीला पाठवला, कॅन्सर नव्हता, पण त्या वाटेवर होता. सगळं आमच्याच दवाखान्यात, आणि कशाच्या पैशातनं? पिचकारी टॅक्सच्याच. बघा म्हणजे!

पण दारावरचा कागद होताच की. आणि आता तर शेवटचा खाणारा पण सुटलेला. पप्पा पानपट्टीवर जाऊन नुसते बसायचे. मी एकदा त्यांना बोलवायला गेले होते तेव्हाचं हे, मी डोळ्यांनी बघितलंय. इस्माईलचाचा पप्पांना म्हणत होते, "महिन्याचा माल तसाच पडलाय तानाजी." पप्पा खाली मान घालून. मग केरबातात्या उठले आणि म्हणाले, "इस्माईल, एक पुडी दे."

"तात्या, तुमाला लस टोचलीय की."

"दंडाला टोचलीय. खिशाला न्हाई टोचली."

सगळे बघायला लागले. तात्यांनी पुडी घेतली, पैसे दिले, खिशात टाकली. "खायची न्हाई, पण घ्यायला बंदी हाय व्हय? माझ्या सुनंचं बाळंतपण त्या दवाखान्यात झालं. पोरगं पायाळू हुतं. कोल्हापूरपतोर पोचली नसती." एवढं बोलून चालायला लागले.

इस्माईलचाचांनी गल्ल्यात स्वतःचेच पैसे टाकले आणि एक पुडी बाजूला काढली. म्हणाले, "माझ्या अम्मीचा मोतीबिंदू." मग आणखी एक उठला. मग आणखी एक. पप्पा तसेच बसलेले, डोळे पुसायचे पण सुचेना त्यांना.

आता रोज घेतलेल्या तंबाखूचं करायचं काय? तात्यांनी ती पाण्यात भिजत घातली आणि ते पाणी वांग्यांवर मारलं, किडीला. जुनीच पद्धत आहे ती. मग सगळ्यांनीच. आमच्या गावातली वांगी, मिरच्या, भेंड्या, सगळीकडं तोच वास. म्हणजे माणसं सुटली आणि वांग्यांना लागली तंबाखू!

आणि वसुली परत वर आली. दारावरचा कागद काढला. आम्हाला वाटलं, संपलं. सुटलो.

तर उन्हाळ्यात एक गाडी आली. त्यातनं कामत मॅडम उतरल्या, लस बनवणाऱ्या टीममधल्या शास्त्रज्ञ. केस पिकलेले, डोळ्यांखाली काळं. त्या म्हणाल्या, सगळीकडं लस दिल्यावर विक्री पडली, फक्त इथं पडून परत चढली. म्हणजे इथं लस फेल गेलीय. दोनच गोष्टी, एकतर लस उतरली, नाहीतर कुणीतरी इथं माल घेऊन दुसरीकडं विकतंय. लस उतरली असेल तर सगळा कार्यक्रम थांबवायला लागेल.

त्यांनी रक्त घेतलं सगळ्यांचं. अँटिबॉडी भरपूर. लाळ तपासली. निकोटीन शरीरात गेलं की त्याचं पुढं जे होतं, ते लाळेत सापडतं. एकाच्याही लाळेत काही नाही. मॅडम पानपट्टीसमोर उभ्या राहून म्हणाल्या, "विकली जाते, पण खात कोणीच नाही. मग जाते कुठं?"

कुणी बोलेना. का माहितीये? ह्यांना सगळ्यांना वाटत होतं की तंबाखू घेऊन न खाणं हा गुन्हा आहे! सरकारला फसवणं! तात्या तर हळूच चप्पल घालून निघालेले. आणि पप्पांना वाटलं, हे आपल्यामुळं झालंय. ते पुढं गेले, हात जोडले. "मॅडम, बाकीच्यांचा काय दोष न्हाई. माझ्या बायकोची खुर्ची जाईल म्हणून घेत्यात सगळी. मलाच काय ती शिक्षा करा."

मॅडमना ओ की ठो कळेना. मग मीच सगळं सांगितलं, असंच, एका दमात. त्यांना तात्यांच्या वांग्यांत घेऊन गेले. मॅडमनी एक पान तोडलं, वास घेतला, आणि बांधावर मटकन बसल्या. मला वाटलं चक्कर आली. तर त्या हसत होत्या, आणि चष्मा काढून डोळे पुसत होत्या.

म्हणाल्या, "अगं, ही लस निघाली तेव्हा मला एका मोठ्या साहेबांनी विचारलं होतं, मॅडम, लोकांनी व्यसन सोडलं तर दवाखाने कशावर चालणार? माझ्याकडं उत्तर नव्हतं. लोक बरे झाले की हळूहळू खर्च पण कमी होईल, हे मला माहिती होतं. पण मधली वर्षं? त्यात जी माणसं मरतील ती?" मग तात्यांकडं वळल्या. "आजोबा, ही वांगी खाऊ नका लगेच. फवारल्यावर बरेच दिवस जाऊ द्यात, धुवून घ्या. विषच आहे ते. आणि हातमोजे घाला."

तात्या म्हणाले, "मग पोलीस न्हाईत न्हवं?"

"पोलीस कशाला? तुमचे आभार मानायला कुणाला पाठवू, ते विचारा."

तात्या एवढे लाजले की कुठं बघावं कळेना. आमच्याकडं कुणी कुणाचे असे आभार मानत नाही हो. ते म्हणाले, "त्यात काय, वांगी न्या."

मॅडमनी अहवालात सगळं खरं लिहिलं. लस चालते, आणि तरीही लोक कर भरतात, तर त्यांना विष विकत घ्यायला का लावता? सरकारी कागद हलायला वेळ लागला. पण हलला. आता ह्या महिन्यापासून रिकामी पुडी मिळते. खरंच! तशीच पुडी, तसाच कोड, तेवढाच कर, आत काही नाही. ज्याला द्यायचंय त्यानं घ्यायची. इस्माईलचाचांनी वर पाटी लावलीय. ‘रिकामी पुडी मिळेल. बदलून मिळणार नाही.’

आणि परवा मी घरी गेले होते ना, तेव्हाचं सांगते आणि मग संपलं.

मम्मीला दवाखान्यातनं आणायला मी आणि पप्पा गेलो होतो. दोन गाड्या. येताना पानपट्टीजवळ मम्मी पप्पांच्या पाठीवर थाप मारून म्हणाली, "थांबवा."

आमच्याकडं बायका पानपट्टीवर जात नाहीत. पान पाहिजे असलं तर पोराला पाठवतात. मम्मी तर लग्न होऊन आल्यापासून त्या दुकानासमोरनं पदर सारखा करत, मान खाली घालून जायची. ती उतरली आणि सरळ चालत गेली. बाकावर पाच-सहा जण होते, एकदम गप. एकानं पाय आत घेतले. इस्माईलचाचा उभे राहिले. "वैनी, तुमी कशाला? पोरीला पाठवायचं की."

"एक रिकामी द्या."

चाचांनी पुडी दोन्ही हातांनी दिली. "पैसं ऱ्हाऊ द्यात."

"का? मग दवाखान्याला काय, तुमचं डोंबल जाणार?"

बाकावर हशा पिकला. चाचांनी गपगुमान पैसे घेतले. म्हणाले, "कोड बघूया का? कुठं गेलं ते कळंल."

"नको," मम्मी म्हणाली. "गेलं तिथं गेलं. कुणाला तरी बरं वाटू दे."

मला वाटलं, आता येईल. पप्पांनी गाडी चालू पण केली. पण मम्मी त्या बाकाकडं बघत उभी. मशीनवरनं आलं की दमते ती. म्हणाली, "सरका की जरा."

असे काय सरकले गं सगळे! केरबातात्या तर उठून कट्ट्यावरच जाऊन बसले. मम्मी बसली, मधोमध. पदर सारखा केला. कुणी बोलेना. तिनं सगळ्यांकडं बघितलं.

"बोला की. मी आले म्हणून का गप झालासा? इतकी वर्सं हितं बसून काय बोलत हुता, ते मला तरी कळू दे."

तात्या घसा खाकरून म्हणाले, "काय न्हाई राजश्री... सरपंचानं नवा बैल आणलाय. चालताना डावीकडं ओढतोय."

"व्हय? आन मग?" मम्मी म्हणाली. अगदी मनापासून.

आणि सुरू झालं की! बैल कुणाकडनं घेतला, सरपंचाला कसं फसवलं, दात कुणी बघितले नाहीत. मम्मी प्रश्न विचारतेय, हसतेय, एकाला तर म्हणाली, तुम्हाला काय कळतंय बैलातलं. इस्माईलचाचांनी तिला चहा मागवला, अर्धा कप, तिला जास्त चालत नाही हे त्यांना माहिती.

पप्पा गाडीवरनं म्हणाले, "अगं, जायचं न्हवं घरला?"

मम्मीनं मान पण वळवली नाही. म्हणाली, "थांबा की वो. आत्ता तर बसलेय."